मधपेटी कोणाच्या नावावर?

मधमाशी ही आपल्या निबंधवह्यांची फार जुनी पाहुणी आहे. ‘मधमाशीपासून घ्यावयाचा बोध’ या विषयावर गेली दहा-अकरा वर्षे आम्ही मुलांकडून निबंध लिहवून घेत आलो आहो. ती उद्योगी आहे, ती काटकसरी आहे, ती शिस्तीची आहे, आळशाला ती घरात थारा देत नाही, असे चार गुण चार परिच्छेदांत मांडून शेवटी ‘आपणही तिच्याप्रमाणे व्हावे’ असे म्हटले की दहापैकी सात गुण द्यावयाचे, हा आमचा परिपाठ. गेल्या वर्षी इयत्ता आठवीतील एका मुलीने निबंधाखाली एक ओळ अधिक लिहिली. ‘बाई, मधमाशीचे गुण सर्वांस ठाऊक आहेत, पण मधमाशा पाळणाऱ्या माणसांविषयी आपल्या पुस्तकात काहीच का नाही?’ या ओळीला किती गुण द्यावेत हे आम्हांस कळेना. प्रश्न सरळ होता, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. कारण जिच्या सद्गुणांवर आम्ही शेकडो वह्या तपासल्या, तिचे घर आम्ही आयुष्यात एकदाही उघडून पाहिले नव्हते.

म्हणून शाळेच्या निसर्ग मंडळातील बारा मुलामुलींना घेऊन आम्ही सत्तरी तालुक्यातील एका गावी गेलो. तेथे एक बाई काजू-पोफळीच्या बागायतीत मधमाशांच्या आठ पेट्या सांभाळतात. वय पन्नाशीच्या आसपास. मुले त्यांना काकी म्हणू लागली, म्हणून आम्हीही येथे काकीच म्हणतो. त्या दिवशी जे पाहिले आणि पुढे त्यांच्याकडे चार-पाच वेळा जाऊन जे ऐकले, त्यावरून आमचे जे मत बनले, ते या लेखात विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवावे, असे वाटते.

काकींच्या पेट्यांत आपली देशी सातेरी माशी आहे. हे नाव ऐकून मुले हसली, कारण आमच्या गोव्यात सातेरी ही गावोगावची देवी. वारुळाच्या, म्हणजे आमच्या बोलीतील रोयणीच्या, रूपात तिची पूजा होते. योगायोग असा की, ही सातेरी माशीही झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत आणि कधी जुन्या वारुळातही अंधार पाहून घर करते. आग्या माशीचे एकच मोठे पोळे उघड्यावर लटकते आणि ती माशी पेटीत राहत नाही. सातेरी एकापुढे एक अशी अनेक पोळी समांतर बांधते, म्हणून तिला लाकडी पेटीतील चौकटींवर वसविता येते. दोन पोळ्यांमध्ये माशीला वावरण्यापुरते ठरावीक अंतर लागते. ते अंतर राखले तर ती चौकट चिकटवून टाकीत नाही. लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने हे तत्त्व १८५१ मध्ये ओळखले आणि पोळे न मोडता पेटी उघडून पाहण्याची सोय झाली. त्यापूर्वी मध काढणे म्हणजे पोळे पिळणे, अंडी-पिलांसकट. आता मधाची चौकट यंत्रात फिरवून मध काढतात आणि रिकामे पोळे माशांस परत देतात. एवढे शास्त्र काकींनी आम्हांस नारळाच्या सोडणाचा धूर देत देत, सातवी शिकलेल्या माणसाच्या साध्या शब्दांत समजावून सांगितले.

आता या कामाचे वास्तव पाहू. पहिली गोष्ट म्हणजे, हे काम वर्षाचे आहे, हंगामाचे नव्हे. फाल्गुन-चैत्रात काजू, जांभूळ, करंज फुलतात तेव्हा माशी मध साठविते, आणि लोकांना काकी दिसतात त्या याच दोन-तीन महिन्यांत. परंतु आषाढ-श्रावणात आमच्याकडील पाऊस दिवसचे दिवस उघडत नाही, माशीला बाहेर पडता येत नाही, पेटीतील साठा संपतो. त्या काळात साखरेचा पाक करून प्रत्येक पेटीत ठेवावा लागतो. तो सांडता कामा नये, नाही तर मुंग्या येतात. घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या लागतात आणि त्या वाट्यांतील पाणी आटता कामा नये. वसाहत अशक्त झाली की मेणकिडा पोळ्यांत शिरतो आणि आठवड्याभरात पोळ्याचे जाळे करून टाकतो. गांधीलमाशी दारात टपून बसते, वेडा राघू तारेवर बसून येणारीजाणारी माशी टिपतो. आठ-दहा दिवसांनी प्रत्येक पेटी उघडून राणी आहे ना, अंडी आहेत ना, हे पाहावे लागते. एवढे करूनही एके सकाळी सारी वसाहत पेटी सोडून निघून जाते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरातील रानांस वणवे लागले होते. त्या आठवड्यात काकींच्या तीन पेट्या रिकाम्या झाल्या. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती बसविल्या, तेव्हा तर कित्येक पालनकर्त्यांनी हे कामच सोडून दिले. मधमाशी उद्योगी असली तरी तिच्या उद्योगावर विसंबून माणसाला निजता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ही सारी कामे पुरुषाचा दिनक्रम धरून आखलेली आहेत. पेट्या एका बागेतून दुसरीकडे हलवावयाच्या तर रात्रीच, कारण सर्व माशा घरी परतल्यावाचून दार बंद करता येत नाही. रानातील वसाहत धरावयाची तर झाडावर चढावे लागते, ढोलीत हात घालावा लागतो, पिलांची पोळी कापून केळीच्या वाखाने चौकटीस बांधावी लागतात. पुरुषाने हे केले तर ‘धाडसी’, बाईने केले तर ‘हिला घरी काम नाही का?’ काकींना हे शब्द शेजाऱ्यांकडून ऐकावे लागले आहेत. वस्त्रांचीही गोष्ट तशीच. साडीच्या निऱ्यांत अडकलेली माशी डंख केल्यावाचून राहत नाही. उग्र वासाचे तेल किंवा केसांतील फुले तिला खपत नाहीत, काळे-लोकरी कपडे तिला आवडत नाहीत. काकी पेटीकडे जाताना नवऱ्याची जुनी फिकी विजार आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, वर जाळी. पहिल्या वर्षी त्यांनी हा वेष केला तेव्हा गावात हसे झाले. ‘मुशीच्या डंखाचे विष उतरते हो, ते हसणे पुष्कळ दिवस उतरले नाही,’ असे त्या सहज म्हणाल्या.

डंखाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण मुलांचा पहिला प्रश्न तोच असतो. डंख बसतोच, कितीही सराव झाला तरी बसतो. बसला की नखाने खरवडून काटा चटकन काढावा, जागा चोळू नये आणि तेथून शांतपणे दूर व्हावे. कारण डंखाबरोबर जो गंध पसरतो तो इतर माशांना चिथावतो. बहुतेकांस थोडी सूज येऊन बरे वाटते. परंतु काहींस श्वास लागतो, अंगभर पित्त उठते. त्यांनी घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ दवाखाना गाठला पाहिजे. धैर्य आणि अविचार यांतील भेद येथेही आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. सुशिक्षित मंडळी या व्यवसायाविषयी बोलताना फार गोड बोलतात. काकींचा हिशेब वहीत लिहिलेला आहे, तो त्यांच्या अनुमतीने देतो. गेल्या हंगामात आठ पेट्यांपैकी सातांतून मिळून अठ्ठावीस किलो मध निघाला. पाचशे रुपये किलोने तो विकला, म्हणजे चौदा हजार. पंचवीस किलो साखर, नव्या चौकटी, दोन पेट्यांची डागडुजी, बाटल्या आणि जाण्यायेण्याचे भाडे वजा जाता हाती नऊ हजारांच्या आसपास राहिले. वर्षभराच्या कष्टांचे हे मोल. यात त्यांची स्वतःची मजुरी धरलेली नाही. ती का धरली नाही, असे विचारता त्या म्हणाल्या, ‘ती कशी धरणार? ते काम घरचेच ना?’ शिवाय गिऱ्हाईक येते ते संशय घेऊन. कोणी काडी पेटवून पाहतो, कोणी पाण्याच्या पेल्यात थेंब सोडून पाहतो. या घरगुती परीक्षांनी मधाची शुद्धता सिद्ध होत नाही. मध थिजला म्हणून तो भेसळीचा ठरत नाही, कित्येक शुद्ध मध थंडीत थिजतात. परंतु हे बाईने सांगितले तर पटत नाही. तेच नवऱ्याने ओसरीवरून सांगितले की पटते.

काकींच्या पेट्यांमुळे शेजारच्या बागांतही फुलांवर माशी फिरते आणि फळधारणेस साहाय्य होते. हिमाचलातील सफरचंदाचे बागायतदार याच कामासाठी पेट्या भाड्याने घेतात. आमच्याकडे भाडे दूरच राहिले, फवारणीच्या आदल्या दिवशी सांगण्याची पद्धतही नाही. सायंकाळी माशा परतल्यावर फवारणी केली तर पुष्कळ जीव वाचतात, पण त्यासाठी शेजारच्या बाईला व्यावसायिक मानावे लागते. काकींचे एक वाक्य आमच्या कोंकणीतच देतो. “म्होंव सगळ्यांक जाय, पूण मूस कोणाक नाका.” मध सर्वांना हवा, माशी कोणालाच नको. आमच्या मते, माशी पाळणारीच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे.

येथवर जे सांगितले ते कष्टाचे. आता जे सांगावयाचे ते नावाचे, आणि आमच्या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. या आठ पेट्यांपैकी पाच अनुदानातून मिळाल्या. अर्ज कोणाच्या नावाने? यजमानांच्या. कारण पेट्या जेथे ठेवावयाच्या ती जमीन सासऱ्यांच्या नावावर, एक-चौदाच्या उताऱ्यावर काकींचे नाव नाही. यजमान एका कारखान्यात नोकरीस, सकाळी सातला घर सोडतात. पुढे तालुक्याच्या ठिकाणी उत्तम मधपालकांचा सत्कार झाला तेव्हा व्यासपीठावर त्यांनाच बोलाविले गेले. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र त्यांनी घेतले. ते सज्जन आहेत. आमच्यासमक्ष ते म्हणाले, ‘टीचर, राणी कोणती आणि नर कोणता हेदेखील मला ओळखता येत नाही. मला फार लाज वाटली, पण नाव माझे पुकारले, मग न जाऊन काय करणार?’ या प्रसंगात कोणी दुष्ट नाही. म्हणूनच तो आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो. कोणाच्याही मनात अन्याय नसताना, केवळ वहिवाटीने, एका माणसाचे श्रम दुसऱ्याच्या नावे जमा होतात.

मौज अशी की, हीच चूक विद्वानांनी मधमाशीच्या बाबतीत सुमारे दोन हजार वर्षे केली. पोळ्यातील मोठ्या माशीला ॲरिस्टॉटलने राजा मानले. एवढे मोठे राज्य, तेव्हा त्याचा धनी पुरुषच असणार! इ. स. १६०९ मध्ये चार्ल्स बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या ग्रंथास ‘स्त्रियांचे राज्य’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि त्याच शतकात डच शास्त्रज्ञ स्वामरडॅम याने सूक्ष्मदर्शकाखाली त्या ‘राजा’चे अंडाशय दाखवून दिले. मध गोळा करणारी, पिले वाढविणारी, दारावर पहारा देणारी प्रत्येक कामकरी माशीही मादीच. अशा घराची पेटी मात्र आपण पुरुषाच्या नावावर लिहितो. सरकारी कागदाला हसण्याचे कारण नाही. आपल्या घरांतील सवयच त्या कागदावर उतरली आहे.

यावर कोणी म्हणेल की, दिवस पालटले आहेत. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१७ पासून मधपेट्या वाटण्याची मोहीम हाती घेतली, २०२० मध्ये केंद्र सरकारने मधमाशीपालनासाठी पाचशे कोटींची योजना जाहीर केली आणि तीत स्त्रियांचा विशेष विचार आहे, महिलांच्या स्वयंसहाय्य गटांना पेट्या मिळतात. महाबळेश्वराजवळील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. बिहारातील मुझफ्फरपूर जिल्ह्यात शिकवण्या करून पैसे साठविणाऱ्या अनिता कुशवाहा या मुलीने लिचीच्या बागांत पेट्या ठेवून आपले शिक्षण कसे चालू ठेवले, याचा पाठ तर कित्येक वर्षे देशभरच्या लहान मुलांच्या पाठ्यपुस्तकात होता. हे सारे आम्हांस मान्य आहे, आणि त्याचा आनंदही आहे. परंतु पेटी देणे निराळे आणि पेटी सांभाळणारीला उभे करणे निराळे. शिकविल्यावाचून दिलेली पेटी दुसऱ्या वर्षी कोंबडी बसविण्याच्या उपयोगी पडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि ज्या प्रदेशात, वेगळा करार नसल्यास, पतिपत्नींचा मालमत्तेत समान वाटा नागरी कायद्याने मानला जातो, त्या आमच्या गोव्यातही अर्जावरील रकान्यात पत्नीचे नाव सुचत नाही. तेव्हा उणीव केवळ कायद्याची नाही.

ही उणीव कोठे असते, हे सांगताना आम्हांस स्वतःकडे बोट दाखविणे भाग आहे. पहिल्याच भेटीत, मुले पेटी पाहून पाणी पिण्यास गेली असता, काकींनी हळूच विचारले, ‘माझ्या पुतणीला नको म्हणून सांगितले ती टीचर तुम्हीच ना?’ आम्हांस क्षणभर आठवेना, आणि आठवले तेव्हा मान वर करवेना. सहा-सात वर्षांपूर्वी ही मुलगी आमच्या वर्गात होती. काकींच्या हाताखाली तिने चौदाव्या वर्षी झाडावरचा थवा पेटीत घेतला होता. दहावीनंतर मधमाशीपालनाच्या निवासी शिक्षणवर्गास जाण्याची तिची इच्छा होती. तिची आई आमचे मत विचारावयास शाळेत आली. आम्ही म्हणालो होतो, ‘मुलीच्या जातीने रानावनात कशाला फिरावे? संगणकाचा वर्ग लावा, कोठेतरी सावलीत बसून काम करील.’ आईने आमचा शब्द मानला. गावाकडे शिक्षकाचा शब्द मानतात. ती मुलगी आज म्हापशाच्या एका दुकानात सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत उभी असते. सावली आहे, बसावयास मात्र मिळत नाही.

त्या कामात कमीपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रामाणिक काम कोणतेही असो, ते मानाचेच. आमचा दोष असा की, जे काम आम्ही पाहिले नव्हते त्याविषयी आम्ही निकाल दिला, आणि निकाल देताना त्या मुलीच्या हातांतील कसब विचारात न घेता केवळ ती मुलगी आहे एवढेच पाहिले. वर्गात मधमाशीचे गुण सांगावयाचे आणि कचेरीत बसून मधमाशा पाळू इच्छिणारीला परतवावयाचे, हे आमचेच वर्तन होते.

म्हणून आमचे सांगणे थोडे आणि साधे आहे. वडीलधाऱ्यांना विनंती अशी की, घरात मधाच्या पेट्या असोत, कोंबड्या असोत, पापड-कोकमांचा व्यवहार असो, जी बाई ते काम करते तिचे नाव अर्जावर, वहीत आणि बाटलीवरच्या कागदावर घाला. तिच्या मजुरीचा रकाना हिशेबात काढा, मग भले त्यात पहिली दोन वर्षे तोटा दिसो. ‘जोडधंदा’ हा शब्द जपून वापरा. पुरुष जे करतो तो धंदा आणि बाई जे करते तो जोड, असा अर्थ त्याला चिकटला आहे. शिक्षक बांधवांना विनंती अशी की, सल्ला देण्यापूर्वी ते काम एकदा जाऊन पाहा. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या बहिणीने पेटी उघडली तर तुम्ही धूर धरा. रात्री पेटी हलवावयाची असेल तर बरोबर कंदील घेऊन जा, पण पेटी तिची आहे हे विसरू नका.

विद्यार्थिनींनो, हा लेख वाचून उद्याच मधमाशा पाळा असे आम्ही म्हणत नाही. हे काम कष्टाचे आहे, उत्पन्न बेताचे आहे, आणि एखादा वणवा वर्षाची मेहनत नेऊ शकतो. ज्यांना ते आवडेल, झेपेल, त्यांनी रीतसर शिकून करावे. मात्र ‘हे मुलींचे काम नव्हे’ असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याने पेटी कधी उघडून पाहिली आहे काय, असे नम्रपणे विचारा. सांगणारी तुमची शिक्षिका असली तरी विचारा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही म्हापशास त्या मुलीला भेटलो आणि जे बोलावयाचे होते ते बोललो. ती रागावली नाही. एका गिऱ्हाइकाला कापड मापून देत तिने विचारले, ‘काकीच्या पेट्या आता किती झाल्या, बाई?’ आठ आहेत आणि काकींना जोडीला कोणीतरी हवे आहे, असे आम्ही सांगितले. ‘पाहू,’ एवढेच ती म्हणाली. त्या ‘पाहू’चा अर्थ ठरविण्याचा अधिकार आता तिचा आहे, आमचा नाही.

यंदा आठवीच्या वर्गास निबंधाचा विषय आम्ही बदलला आहे. ‘मधमाशीपासून घ्यावयाचा बोध’ याऐवजी ‘माझ्या घरातील एक काम आणि ते करणारीचे नाव’. वह्या अजून आमच्याकडे आल्या नाहीत. आल्या की त्या आम्ही पूर्वीपेक्षा सावकाश वाचणार आहो.